टिडवेलचा वेग

"हा हाताचा वेग नाही," युनूसभाई म्हणाले. "हात असा चालत नाही, अण्णा. ह्यात यंत्राची काहीतरी लबाडी आहे."

मल्लूअण्णांनी रेकॉर्डवरची सुई उचलली, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. चिडले की बोलण्याआधी ते हेच करायचे. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. रविवारची सकाळ, साडेअकराचा सुमार. पोटं उघडून ठेवलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि वायरींची भेंडोळी यांच्यामधून जागा काढून आम्ही नऊदहा जण दाटीवाटीनं बसलो होतो. त्यात मुलगी मी एकटीच.

"लबाडी कसली?" अण्णा म्हणाले. "माणूस आहे तो. दोन हात, दहा बोटं."

"मग दुसऱ्या कुणाच्या तरी दोन हातांनी वाजवून दाखवा. ज्या दिवशी माझ्यासमोर कुणी हे वाजवेल, त्या दिवसापासून टिडवेलबद्दल मी चकार शब्द काढणार नाही."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही वाजवेल."

हे १९८५ साली मिरजेत घडलं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. माझे पपा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मी चर्चमध्ये तरुण मंडळाच्या गाण्यांना गिटारची साथ करायचे. गिटारची तार पिळायची दातेरी खुंटी बिघडली म्हणून मल्लूअण्णांच्या दुकानात पहिल्यांदा गेले आणि तिथलीच होऊन गेले.

अण्णांचं पूर्ण नाव मल्लिकार्जुन हळिंगळे. स्टेशन रोडवर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. जयसिंगपूर, कुडचीपासून लोक यंत्रं घेऊन यायचे. पन्नाशी उलटलेला, पांढरा सदरा आणि पायजमा घालणारा, कपाळाला विभूती लावणारा हा माणूस अमेरिकेतल्या हार्लन टिडवेल नावाच्या रॉक गिटारवादकाचा भक्त कसा झाला, तर एका डॉक्टरीणबाईंमुळे. या बाई अमेरिकेला परत जाताना आपला रेकॉर्डप्लेअर आणि पाच रेकॉर्डी अण्णांना देऊन गेल्या. पाचही टिडवेलच्या. प्लेअर तिकडच्या विजेसाठी बनवलेला, आपल्या विजेवर तो हळू फिरायचा आणि गाणी कण्हल्यासारखी यायची. अण्णांनी मोटारीच्या दांड्यावर बसवायची पितळी पुली स्वतः मोजमाप काढून लेथवर करून घेतली. ती बसली तशी गाणी ताठ उभी राहिली. अण्णा सांगायचे की टिडवेलला मिरजेत आम्ही चालायला शिकवलं.

त्या प्लेअरवर दुसरी कसलीही रेकॉर्ड लावायची नाही असा नियम होता. त्यावरून अण्णांनी कॅसेटी भरल्या, हौशी लोकांना दिल्या. त्यातून रविवारची बैठक सुरू झाली. कॉलेजची मुलं यायची, बँकेतले एक कारकून यायचे, आणि युनूसभाई यायचे.

युनूस शिकलगार सतारी बनवणाऱ्यांच्या घरातले. वय पस्तीसच्या आसपास. सतारीची घोडी कानशीनं घासून सूर मोकळा करायचं काम, ज्याला जवारी काढणं म्हणतात, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लांबलांबचे सतारिये त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. असा कान असलेला माणूस दर रविवारी न चुकता यायचा, टिडवेल ऐकायचा आणि टिडवेलला नावं ठेवायचा. त्यांचं म्हणणं ठरलेलं असे. या माणसाला घाई फार. सूर लावतो आणि त्याला बसू न देता उठवतो. दोन सुरांमध्ये श्वास नाही. शिवाय आवाज पोरासारखा पातळ, आणि ढोलवाला असा वाजवतो की जणू मागे कुत्रं लागलंय.

अण्णा म्हणायचे की ही घाई नाही, ही भूक आहे. बँकेतले कारकून एकदा अण्णांच्या बाजूनं, एकदा युनूसभाईंच्या बाजूनं बोलून दोघांच्याही शिव्या खायचे. एकदा युनूसभाई तणतणत निघून गेले आणि तीन आठवडे आले नाहीत. चौथ्या रविवारी अण्णांनी बैठक सुरूच केली नाही. बारा वाजले तरी सुई हातात धरून बसून राहिले. शेवटी मला म्हणाले, "जा गं, त्याला बोलावून आण. नावं ठेवायला कुणी नसलं की ऐकण्यात मजा नाही."

तर त्या माणसाला गप्प करायचं काम अण्णांनी माझ्यावर सोपवलं. वाजवायचं होतं त्या दिवशी लावलेल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. त्यात सव्वा मिनिटभर टिडवेल एकटाच वाजवतो. त्या सव्वा मिनिटाला माझी दोन वर्षं गेली.

अण्णांनी माझ्या गिटारला टेलिफोनच्या रिसीव्हरमधला तुकडा बसवून ती एका जुन्या रेडिओला जोडून दिली होती. अडचण तारांची होती. टिडवेल मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता छेडलेल्या तारा फार वापरतो, त्यामुळे गिटार त्याच्याच पट्टीत लावावी लागायची, आणि त्याची पट्टी चर्चच्या पेटीपेक्षा जवळजवळ एक अख्खा सूर चढी होती. तारा पिळून पिळून तिथवर न्यायच्या, की पहिली तार तटकन तुटायची. गालावर एकदा वळ उठला तेव्हा आईनं गिटार कपाटात घालून कुलूप लावलं होतं. युनूसभाई माझ्या गिटारची मान बघून हळहळायचे. एवढी चढी गिटार जगात कोण लावतं, असं विचारायचे. अण्णा सांगायचे, टिडवेल लावतो. आणि हेच युनूसभाई मान वाकू नये म्हणून घोडी घासून तारा खाली बसवून द्यायचे. मी त्यांनाच हरवायची तयारी करत होते, हे ठाऊक असूनही त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

१९८७च्या ईस्टरपर्यंत माझा हात बसला. दहापैकी सात वेळा मी ते सव्वा मिनिट रेकॉर्डसोबत न अडखळता पार करत होते. अण्णांनी पुढचा रविवार ठरवला आणि सगळ्यांना निरोप धाडले.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझा मावसभाऊ शीलवंत मस्कतहून आला. त्यानं माझ्यासाठी कंपनीची सीलबंद कॅसेट आणली होती. टिडवेलची, पाचांपैकी नेमकी तीच, जिच्यातलं गाणं मी बसवत होते. अण्णांच्या रेकॉर्डी साध्या कागदी पाकिटांत होत्या; आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा चेहरा नीट छापलेला पाहिला. जाडजूड, दाढीवाला माणूस. मी कॅसेट आमच्या घरच्या टेपमध्ये घातली.

पहिल्या दोन ओळींतच मला वाटलं, टेपचा पट्टा सैल झालाय. गाणं रमत चाललं होतं. आवाज भारदस्त, छातीतून येणारा. मी कॅसेट काढली आणि अण्णांनी भरून दिलेली घातली. ती नेहमीसारखी तेजीत वाजली. यंत्र तेच, कॅसेटी दोन. मग मी कोपऱ्यातली गिटार उचलली. ईस्टरच्या उपासनेसाठी ती चर्चच्या पेटीला लावली होती, तशीच होती. मस्कतची कॅसेट परत लावून मी मोकळी तार छेडली.

तंतोतंत जुळली.

मी पलंगावर बसले. आई जेवायला बोलावत होती ते ऐकू येत होतं, पण उठवेना. टिडवेल जगातल्या सगळ्या लोकांसारखीच गिटार लावत होता. चढलेला होता तो अण्णांचा प्लेअर. आणि दोन वर्षं बोटं सोलवटून मी ज्याच्या मागे धावले, तो तिथे नव्हताच. तो मागे सावकाश चालत येत होता.

शेवटचं गाणं मी त्या दिवशी सहा वेळा ऐकलं. युनूसभाई ज्याला श्वास म्हणायचे तो प्रत्येक दोन सुरांमध्ये होता.

मंगळवार, बुधवार मी दुकानाकडे फिरकले नाही. मनात हिशेब सरळ होता. बोलले नाही तर रविवारी मी वाजवेन, अण्णा जिंकतील, युनूसभाई खरे असून गप्प बसतील. बोलले तर अण्णांच्या हातची चूक चारचौघांत येईल. साधीसुधी चूक नाही. ज्या पुलीची गोष्ट त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली, तीच खोटी निघेल, आणि तिच्यावरून भरलेल्या कॅसेटी तीन तालुक्यांत वाजत होत्या. पपांना मी आडून विचारलं की एखाद्याची चूक त्याला दाखवली नाही तर पाप लागतं का. त्यांनी दवाखान्यात काही घोटाळा झालाय का, असं विचारून मलाच काळजीत पाडलं.

शनिवारी दुपारी अण्णांनी मला शेवटच्या सरावाला बोलावलं. दुकानात ते एकटेच होते. माझ्यासाठी त्यांनी रेडिओचा स्पीकर बदलून मोठा बसवला होता, लाकडी पेटीला पॉलिश केलं होतं. रेकॉर्ड सुरू केली आणि मला खूण केली. मी चौथ्या सुराला चुकले. परत लावली, परत चुकले. तिसऱ्यांदा मी वाजवलंच नाही. पिशवीतून कॅसेट काढून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दाढीवाल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आपल्या सगळ्यांत चांगल्या टेपमध्ये घातली. अख्खं गाणं उभ्यानंच ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते, म्हणून त्यांच्या हातांकडे बघत होते. हात काही करत नव्हते.

गाणं संपल्यावर त्यांनी कागदाचा एक कपटा फाडला, रेकॉर्डच्या कडेला चिकटवला आणि प्लेअर सुरू केला. मनगटावरचं घड्याळ सोडून समोर ठेवलं. कपटा समोरून गेला की ओठांतल्या ओठांत एक आकडा म्हणायचे. मिनिटभर तसे मोजत राहिले. रेकॉर्डनं मिनिटाला तेहेतीस आणि वर थोडे एवढे फेरे घ्यायला हवेत, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"सदतीस," ते म्हणाले.

त्यांनी परत मोजलं. परत सदतीसच आले.

"आठ वर्षं झाली," ते म्हणाले. "लोकांची यंत्रं रोज मोजतो. हे एकदाही मोजलं नाही. बसवलं, कानाला गोड लागलं, सोडून दिलं."

"अण्णा, कुणाला सांगायची गरज नाही. उद्या मी वाजवते. कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय की गं." ते स्टुलावर बसले. "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"सोमवारपासून."

"सहा दिवस एकटीच घेऊन फिरलीस होय?"

तेव्हा मला रडू आलं. ते उठून पाणी घेऊन आले. मग स्पीकरची वायर उगाच तपासत म्हणाले, "घरी जा. जेव. उद्या गिटार घेऊन ये, रोजच्यासारखी चढवून."

मी विचारलं, पुली बदलणार का. ते म्हणाले, उद्या दुपारनंतर.

रविवारी चर्च सुटल्यावर मी गेले तर शटर पूर्ण वर होतं आणि माणसं पायरीपर्यंत बसली होती. युनूसभाई पुढेच होते, धुतलेला सदरा घालून, हरायला आल्यासारखे प्रसन्न. अण्णा उभे राहिले. अण्णांना भाषणाची सवय नव्हती. ते खाली बघूनच बोलले.

"युनूस म्हणतो ही यंत्राची लबाडी आहे. युनूसचं बरोबर आहे. यंत्र माझं आहे. पुली केसभर जाड झाली, म्हणून रेकॉर्ड जोरात फिरते. तुम्ही आठ वर्षं ऐकलात तो टिडवेल नाही, ती माझी चूक आहे. ज्यांच्याकडे माझ्या कॅसेटी आहेत त्यांनी आणून द्याव्यात, मी बदलून देतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी युनूसभाईंकडे बघत होते. हा माणूस आठ वर्षं ज्यासाठी भांडला ते त्याला मिळालं होतं. पण ते अण्णांकडे असे बघत होते की जणू घरातलं कुणी आजारी पडलंय.

अण्णांनी मस्कतची कॅसेट लावली. युनूसभाईंनी डोळे मिटले. शेवटचं गाणं आलं, ते सव्वा मिनिट आलं. आता ते सव्वा मिनिटाहून जास्त होतं. एका जागी टिडवेल एक सूर खेचून वर नेतो आणि तिथे थांबतो. आमच्या कॅसेटीत ती जागा निसटून जायची. युनूसभाईंचा हात आपोआप वर आला आणि हवेत थांबला, सूर खाली येईपर्यंत.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

तीन वेळा लावावं लागलं.

"हा श्वास घेतो, अण्णा. किती छान घेतो. ह्या माणसाला मी आठ वर्षं शिव्या घातल्या."

"त्याला कुठं ऐकू आल्या," अण्णा म्हणाले, आणि मग दुकान मोकळेपणानं हसलं.

मला वाटलं संपलं. मी गिटार पिशवीत घालायला घेतली, तेवढ्यात अण्णांनी मला थांबवलं. म्हणाले, अजून एक बाब शिल्लक आहे. युनूसचं म्हणणं होतं की ह्या वेगात हात चालत नाही. टिडवेलचा चालत नाही हे सिद्ध झालं. बाकी कुणाचा चालतो का ते बघायचंय. असं म्हणून त्यांनी आपल्या जुन्या प्लेअरवर रेकॉर्ड ठेवली, तीच सदतीस फेऱ्यांची, आणि मला खूण केली.

मी वाजवलं. मधे एक सूर गेला माझा, ऐकणाऱ्यांना कळला असेल. पण टिडवेलचा पळवलेला आवाज आणि माझी गिटार शेवटच्या सुरावर एकदम पोचले. पहिली तार तुटली नाही.

युनूसभाई उठले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि मला डावा हात दाखवायला सांगितला. बोटांच्या टोकांवरचे घट्टे त्यांनी कारागिराच्या नजरेनं पाहिले.

"हात चालतो," ते म्हणाले. "मी हरलो."

"मग ठरल्याप्रमाणे," अण्णा म्हणाले. "टिडवेलबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"तो शब्द नावं ठेवण्याबद्दल होता. आता मला चांगलं बोलायचंय."

"चांगलं-वाईट असं काही ठरलं नव्हतं. चकार शब्द म्हणजे चकार शब्द."

युनूसभाईंचा चेहरा इतका पडला की बँकेतले कारकून अण्णांना विनवायला लागले. अण्णा ऐकेनात. आपली चूक चारचौघांत सांगून झाल्यावर त्यांना कुठेतरी जिंकायचं होतं, आणि त्यांनी ते सोडलं नाही. युनूसभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. टिडवेलबद्दल नाही बोलत. एस्तेर, तार उतरव. पेटीच्या सुरात लाव. आणि तुझं काहीतरी वाजव."

मी म्हटलं, माझं काय? मला हेच येतं.

"दोन वर्षं त्याच्यामागे पळालीस. आता तो पुढे नाही. मग तुला कुठे जायचंय ते बघ."

मी तारा उतरवल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या दुकानात माझी गिटार मऊ लागली. काय वाजवावं ते सुचेना. मग मी एक सूर लावला आणि तो विरेपर्यंत दुसरा लावला नाही. पुढे मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि ध्वनिमुद्रणात गिटार वाजवून पोट भरलं, पण त्या दिवशी नंतर काय वाजवलं ते मला आज अजिबात सांगता येणार नाही. एखाद-दीड मिनिटाचं असेल. चर्चमधल्या एका चालीचा तुकडा होता, त्यात मधेच एक खेच होती, आणि शेवट नीट जमला नाही म्हणून मी तशीच थांबले.

अण्णांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"छान," ते म्हणाले. "पण फार सुस्त."

"सुस्त?" युनूसभाई म्हणाले. "अण्णा, तुमच्या कानालाच सदतीस फेऱ्यांची सवय झालीय. ती सुराला बसू देते. पहिला सूर कसा ठेवला ते ऐकलंत का?"

"ठेवला, पण ठेवून विसरली. पुढे न्यायला नको? हात एवढा तयार आहे, तो दाखवायला काय हरकत आहे?"

"हात दाखवायला हा काय आखाडा आहे?"

बँकेतले कारकून म्हणाले की दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि दोघांनी त्यांना एकदम गप्प केलं. कुणीतरी चहा सांगून आलं. अण्णा स्टूल पुढे ओढून बोटांनी माझा शेवटचा सूर हवेत काढून दाखवत होते, युनूसभाई मान हलवून नाही नाही म्हणत होते. दोघांच्या मधे, गिटार मांडीवर घेऊन, मी बसले होते, आणि दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.